सातवा रकाना

जमातीच्या कचेरीत पंखा आहे, वीज नाही.
निकाहनोंदीचे अकरा चोपडे
मला आंब्याच्या खोक्यातून आणून दिले.
चौथा भिजून फुगलेला, नवव्याला कसर.
काम सोपं आहे, मुश्ताकभाई म्हणाले,
उजवीकडून वाचायचं, डावीकडून टंकायचं,
तुमची उर्दू शाळा तर आता सुटलीच, बाई.

चार दिवसांत गाव कळायला लागलं.
लग्नं सगळी बंदर बंद असतानाची,
गलबतं शाकारलेली, पुरुष घरी.
धंदा: खलाशी. खलाशी. तांडेल. खलाशी.
महर सव्वाशे, पंचवीस रोख, बाकी मागाहून.
हे 'मागाहून' पानापानावर
सुकत घातलेल्या जाळ्यासारखं.
काझी शमसुद्दीन समासातही लिहायचे:
तर बंद, साक्षीदार पोहून आला.
नवरीला तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा शिंकली,
मामी म्हणाली हाच होकार, मी मानला नाही,
चौथ्यांदा विचारलं.

नोंद दोनशे बारा.
सन सत्तावीस, नोव्हेंबरची नऊ.
नवरा याकूब वलद दाऊद हमदुले, बोटीवर आगवाला,
हजर नाही, एडनहून खत, वकील थोरला भाऊ.
नवरी मैमूना बिन्ते हुसैन सारंग.
सातवा रकाना, नवरीची स्थिती: कुमारी.
खाली अंगठा, मेंदीच्या बोटाचा,
शाईच्या काळ्यात थोडा तांबूस. की मलाच वाटतं.

समासात वेगळी शाई, बारीक अक्षर:
आज हर्ण्याहून तार आली.
बोट तीन तारखेला बुडाली.

तीन. आणि नऊ.
मी बोटांवर मोजलं, निवृत्त मास्तरीण असून.

काझींनी पुढे लिहिलंय:
नऊ तारखेला नवरा नव्हताच, तर निकाह कुणाशी?
किताबात उत्तर आहे. निकाह झालाच नाही.
इद्दत नाही, महर नाही, ती बेवा नाही.
पण मुलीच्या हातावरची मेंदी अजून गेलेली नाही
आणि हे जाऊन सांगायचं मलाच आहे.
मग एक ठिपका,
बोरू बराच वेळ टेकवून ठेवल्यासारखा मोठा.
नोंद खोडलेली नाही.
पुढच्या चैत्रात एकच ओळ:
हुसैनची मुलगी चार महिने दहा दिवस बसली,
कुणी सांगितलं नव्हतं.
दाऊदने उरलेले शंभर आणून दिले,
त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

नोंद तीनशे एक. सात वर्षांनी तेच नाव.
आता नवरा अलीमियां वाकणकर, धंदा तर हाकणे,
म्हणजे खाडीच्या या काठापासून त्या काठापर्यंत,
हाकेच्या आत.
महर पंचाहत्तर, सगळा रोख.
आणि सातव्या रकान्यात काहीतरी लिहून
ब्लेडने खरवडलेलं,
पुन्हा लिहून पुन्हा खरवडलेलं,
शेवटी कागदच गेला.
भोकातून पुढच्या पानावरचं अर्धं अक्षर दिसतं,
दुसऱ्याच कुणाच्या नावातलं.

लॅपटॉपवर या रकान्याला लाल चांदणी.
कुमारी, बेवा, तलाकशुदा, यातलं एक निवडा.
रिकामा ठेवला तर पुढे जाऊच देत नाही.
कुमारी टाका, मुश्ताकभाई म्हणाले,
कोण बघायला येतंय?
बरोबर आहे. कुणी येणार नाही.
मैमूनाची पणती म्हणे डर्बनला आहे,
तिला दाखला हवाय, तोही नवऱ्याच्या बाजूचा.

बॅटरी अकरा टक्के.
मी कर्सर तिथेच लुकलुकत ठेवला
आणि चोपडा खिडकीशी नेऊन
तीनशे दोन वाचायला घेतली:
नवरा भंडारी, नवरी झुलेखा, महर एक्कावन्न,
मागाहून.
समासात: आज बांगडा फार, आण्याला पन्नास,
वलीमा स्वस्तात झाला.